फोन उचलतो म्हणून खरा?

एडिसन, न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय पन्नाशीच्या आसपास, मूळ गाव सांगली, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. बेसबॉलचा नाद अमेरिकेत आल्यावर लागला आणि वाढत वाढत खेळाडूंनी प्रत्यक्ष सामन्यात घातलेल्या जर्सी जमवण्यापर्यंत गेला. पाच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात त्यांनी न्यूयॉर्क यांकीजच्या एका खेळाडूची नव्वदच्या दशकातली, घरच्या मैदानावरची उभ्या रेघांची जर्सी ४,२०० डॉलरला घेतली. सोबत एका नावाजलेल्या ऑथेंटिकेटरचं, म्हणजे वस्तू अस्सल आहे का हे तपासून सांगणाऱ्याचं, पत्र होतं. सत्तरीतले हे गृहस्थ मनमिळाऊ, कधीही फोन करा, उचलणारे. आमच्या वाचकाला या छंदातलं बरंचसं त्यांनीच शिकवलं.

आता मुलीच्या कॉलेजसाठी जर्सी विकायची आहे. लिलाववाल्यांनी फोटोमॅच, म्हणजे सामन्यातल्या फोटोशी हीच जर्सी जुळल्याचा अहवाल, मागितला. ते काम करणाऱ्या कंपनीने शुल्क घेतलं, काही आठवडे लावले आणि एका ओळीत कळवलं : जुळणारा फोटो सापडला नाही. कुठे शोधलं, किती शोधलं, काही नाही. विचारायला फोन नंबर नाही, नुसता फॉर्म. ऑथेंटिकेटर म्हणतात, ‘त्या पोरांना काय कळतंय, मी डोळ्यांनी पाहिलीय.’ दरम्यान मराठी मंडळातला एक मित्र त्याच पत्राच्या जोरावर जर्सी ५,००० डॉलरला घ्यायला तयार आहे. वाचक विचारतात : विश्वास कुणावर ठेवू? कंपनीचा निकाल मित्राला सांगायलाच हवा का? आणि ज्यांनी हाताला धरून शिकवलं, त्यांची उलटतपासणी कोणत्या तोंडाने करू?

नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधला सोपा आहे, तो आधी संपवते. मित्राला सांगायलाच हवं. पैसे घेण्याआधी, लेखी, आणि कंपनीचा मेल जोडून. तुम्ही लिहिलंय, ‘तो विचारत नाहीये, मग मी होऊन कशाला काढू?’ पण तो का विचारत नाही, याचा विचार केलात का? पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांना तो ओळखतही नाही. ओळखतो ते तुम्हाला. मंडळाच्या गणपतीचा हिशेब तुम्ही ठेवता, म्हणून तो या जर्सीबद्दलही निर्धास्त आहे. त्याच्यापुरते ऑथेंटिकेटर तुम्हीच आहात. हातात आलेला निकाल खिशात ठेवून तुम्ही माल विकलात, तर त्या वयस्कर गृहस्थांना ‘तुम्ही मला सगळं सांगितलं का?’ असं विचारायची सोय तुम्हाला उरत नाही.

आता मोठा प्रश्न. तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट खटकली. ते गृहस्थ फोन उचलतात, हे त्यात तीन ठिकाणी आलंय. कंपनी फोन उचलत नाही, हे दोन ठिकाणी. त्या गृहस्थांनी लिहून काय दिलंय, हे मात्र एकाही ठिकाणी नाही. तुम्ही प्रत जोडलीत म्हणून मला वाचायला मिळालं. दोनच वाक्यं आहेत. त्यांच्या मते जर्सी अस्सल आहे आणि तिच्यावर सामन्यात वापरल्याच्या खुणा आहेत. खाली सही, तारीख. कुणी वापरल्याच्या खुणा, कुठल्या मोसमातल्या, कशावरून, यातलं काहीच नाही. खेळाडूचं नाव आहे ते वरच्या शीर्षकात. ज्या दोन वाक्यांखाली त्यांनी सही केली, त्यांत ते नाव नाही. पाच वर्षांत हे तुमच्या लक्षात आलं नाही, कारण तुम्ही कागद वाचलाच नाहीत. माणूस वाचलात.

हे आपल्याकडे नवीन नाही. सांगलीत सोनं घ्यायचं तर सराफ कट्ट्यावरच्या ठरलेल्या सोनाराकडे. आजीच्या पाटल्या त्याच्याकडच्या, म्हणून आईच्या बांगड्याही त्याच्याकडच्या. तो सोनार प्रामाणिकच असेल, पण ज्याच्याकडून त्याने माल घेतला त्याने त्यालाच फसवलं असेल तर? त्याच्या प्रामाणिकपणाने सोन्याचा कस वाढत नाही. आज त्याच दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला तो सक्तीचा आहे आणि बीआयएसच्या (भारतीय मानक संस्थेच्या) ॲपवर नंबर टाकून कुणालाही तो पडताळता येतो. सोनार तोच राहिला, दुकानातला चहाही राहिला. फक्त त्याच्या एकट्याच्या शब्दावर आता काही अडून राहत नाही.

बेसबॉलने ही वाट आधीच धरली होती, तीही हात पोळल्यावर. नव्वदच्या दशकात एफबीआयने सॅन डिएगोत ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाचा तपास चालवला आणि खेळाडूंच्या बनावट सह्यांचा केवढा मोठा धंदा चाललाय हे बाहेर आलं. सॅन डिएगो पाद्रेसचा टोनी ग्विन आपल्याच संघाच्या दुकानात गेला आणि तिथे विकायला ठेवलेल्या त्याच्या सह्या त्याने केलेल्याच नव्हत्या, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. संघाचं दुकान! याहून ओळखीचं ठिकाण कुठलं? त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची व्यवस्था उभी केली. प्रत्येक सामन्याला निदान एक ऑथेंटिकेटर हजर असतो, आणि तो पोलिस किंवा तशाच खात्यातला, नोकरीतला वा निवृत्त. बॉल असो, बेस असो, जर्सी असो, वस्तू वापरातून बाहेर आली की तो तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो. नियम एकच : स्वतः पाहिलं नसेल तर होलोग्राम नाही.

या माणसाला जर्सीतलं काय कळतं? कदाचित काहीच नाही. कापड, शिलाई, टॅग यांवर तो पाच मिनिटं बोलू शकणार नाही. तुमचे गृहस्थ त्याला सहज गप्प बसवतील. तरी बाजार त्याच्या होलोग्रामला मानतो, कारण तो मत देत नाही, साक्ष देतो. आणि ती साक्ष तुम्ही एडिसनमध्ये बसून लीगच्या वेबसाइटवर पाहू शकता, त्याला फोन न लावता.

तुमची जर्सी २००१ च्या आधीची. तिला साक्षीदार मिळणं शक्यच नाही. म्हणून ‘मी डोळ्यांनी पाहिलीय’ या वाक्यापाशी जरा थांबा. डोळ्यांनी काय पाहिलं? खेळाडूच्या अंगावर, यांकी स्टेडियममध्ये, की पुढे कधीतरी टेबलावर पसरलेली? बहुतेक दुसरंच. तसं असेल तर ते पाहणं नव्हे, तपासणं आहे. त्याला किंमत नाही असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं हजारो जर्सी हाताळलेल्या माणसाला टॅग कुठल्या वर्षीचा, आकड्यांचा कट बरोबर आहे का, शिलाई कारखान्यातली की मागाहून केलेली, हे झटक्यात दिसतं. पण हे सगळं बरोबर निघालं तरी सिद्ध एवढंच होतं की जर्सी त्या संघासाठी, त्या काळात तयार झाली. संघाने तयार करून घेतलेली प्रत्येक जर्सी मैदानात उतरत नाही. काही कपाटातच राहतात, काही सरावाला जातात, काही पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या अंगावर चढतात.

तुमच्याबाबतीत तर हे जास्तच खरं. यांकीजच्या नेहमीच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नसतं, कधीच नव्हतं. पाठीवर फक्त आकडा. तोच आकडा आदल्या किंवा नंतरच्या मोसमात कुणा तिसऱ्याचा असू शकतो. टॅग एका वर्षाचा, खेळाडूचा काळ दुसरा, असं होत नाहीये ना, हे आधी पाहा. बेसबॉल रेफरन्सच्या वेबसाइटवर कुठल्या संघात कुठला आकडा कुणी कधी घातला याच्या याद्या आहेत. संध्याकाळी अर्धा तास लागेल. एकाही रुपयाचा, सॉरी, डॉलरचा खर्च नाही.

आता त्या ‘पोरांकडे’ येऊ. फोटोमॅच म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. यांकीजच्या घरच्या जर्सीवर बारीक उभ्या रेघा असतात. कापड कापताना आणि शिवताना रेघ कुठे तुटेल, बटणपट्टीवर ती बटणाच्या डावीकडून जाईल की उजवीकडून, छातीवरच्या एनवाय अक्षरांना ती नेमकी कुठे छेदेल, आकड्याच्या कडेत कुठे शिरेल, हे प्रत्येक जर्सीत थोडं वेगळं पडतं. कारखान्यातल्या कुणी ते ठरवलेलं नसतं, म्हणूनच ते खोटं करणं अवघड. बास्केटबॉलमध्ये हेच काम जाळीची भोकं करतात, अक्षराच्या कडेशी ती कशी येतात त्यावरून. हॉकीत बोर्डावर घासल्याच्या खुणा आणि मागाहून घातलेले टाके असतात. मग सामन्याच्या तारखेचा फोटो घ्यायचा आणि हे बारकावे एकेक करून जुळवायचे. जुळले तर ज्या कुणाला डोळे आहेत त्याला ते दिसतात. अहवाल देणाऱ्याचा स्वभाव कसा आहे, याच्याशी काही घेणंदेणं राहत नाही.

पण यालाच एक दुसरी बाजू आहे आणि तिथे तुमच्या कंपनीची एक ओळ अपुरी पडते. जुळणारा फोटो सापडला नाही याचा अर्थ जर्सी खोटी, असा होत नाही. नव्वदच्या दशकात फोटो फिल्मवर निघायचे. निघालेल्यातले थोडे विकले गेले, त्यातले थोडे पुढे स्कॅन झाले, आणि त्यात रेघा मोजता येतील इतके स्पष्ट त्याहून थोडे. उभ्या रेघांची जर्सी घरच्या मैदानावरच वापरतात, म्हणजे मोसमात ८१ सामने. तुमचा खेळाडू काही डेरेक जीटर नव्हता की प्रत्येक कॅमेरा त्याच्यावर रोखलेला असेल. खरी जर्सी असूनही तिचा एकही उपयोगी फोटो जगात नसणं सहज शक्य आहे. ‘सापडला नाही’ हा एक निकाल. ‘ही त्याची असूच शकत नाही, कारण टॅग त्याने संघ सोडल्यानंतरच्या वर्षाचा आहे’ हा वेगळा निकाल. तुम्हाला पहिला मिळालाय आणि तुम्ही दुसरा मिळाल्यासारखे घाबरलात. तुमचे गृहस्थही दुसरा मिळाल्यासारखेच चिडलेत, गंमत आहे.

आणि आज नाही सापडला म्हणजे कधीच सापडणार नाही, असंही नाही. १९३२ च्या वर्ल्ड सीरिजच्या तिसऱ्या सामन्यात शिकागोच्या रिग्ली फील्डवर बेब रूथने हात दाखवून होम रन मारला म्हणतात, त्या सामन्यातली त्याची राखाडी जर्सी २००५ मध्ये ९ लाख ४० हजार डॉलरला गेली होती. पुढे तिच्यामागे फोटोमॅचचे अहवाल उभे राहिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ती २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला विकली गेली. मधल्या काळात सगळा बाजारच चढला, हे खरं. सगळं श्रेय फोटोंना द्यायचं कारण नाही. पण कापड तेच, रूथ तोच, फोटोही त्या काळातलेच. बदललं ते त्या फोटोंकडे पाहण्याचं काम.

जवळचा माणूस आणि पुरावा यांची टक्कर पाहायची असेल तर फुटबॉलकडे बघा. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने घातलेला शर्ट सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने अदलाबदलीत घेतला, आणि मे २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात तो ७१ लाख ४० हजार पौंडांवर गेला. विक्रीआधी मॅराडोनाच्या मुलीने जाहीरपणे सांगितलं की हा पहिल्या हाफचा शर्ट आहे, दोन्ही गोल झाले तो दुसऱ्या हाफचा हा नव्हे. बापाच्या शर्टाबद्दल मुलीहून जवळचं कोण असणार? सदबीजने मात्र संघाचं चिन्ह, पट्टे आणि आकडे यांतले बारकावे फोटोंशी ताडून घेतले होते आणि ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. ती मुलगी खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. घरात जे ऐकलं, ते तिने मनापासून सांगितलं असेल. मनापासून सांगितलेलं आणि पडताळता येणारं यांची गल्लत तिथे होऊ शकली असती. तुमच्या बाबतीत ती झालीच आहे.

याहून कडवं उदाहरण तुमच्याच राज्यातलं आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग, संघ आणि स्मृतिवस्तू विकणारी एक कंपनी यांच्यावर काही संग्राहकांनी २०१४ मध्ये न्यू जर्सीत दावा लावला होता. सामन्यात वापरलेली म्हणून विकलेली हेल्मेट तशी नव्हतीच, असा आरोप होता. संघाच्या सामानाची व्यवस्था पाहणाऱ्याला मॅनिंगने पाठवलेला एक ईमेल २०१७ मध्ये गाजला. सामन्यात वापरलेली म्हणून खपतील अशी दोन हेल्मेट त्यात मागितली होती. मॅनिंगने काही गैर केल्याचं साफ नाकारलं आणि २०१८ मध्ये प्रकरण तडजोडीत मिटलं, त्यामुळे खरं काय हे न्यायालयाने ठरवलेलं नाही. मला त्यातून घ्यायचं ते निराळंच. ड्रेसिंग रूममधला माणूस थेट ओळखीचा असणं, ही या छंदातली सगळ्यात मोठी फुशारकी मानतात. ‘माझा माल सरळ आतून येतो.’ वाद पेटला तेव्हा प्रश्नचिन्ह लागलं ते नेमकं त्या ‘आतून’वर.

एवढं झाल्यावर तुम्ही म्हणाल, मग कंपनीच खरी. थांबा. दार बंद ठेवणारा तेवढ्याने तटस्थ होत नाही. तुमची त्या कंपनीवरची तक्रार मला पूर्ण पटते. शुल्क घेऊन एका ओळीचा निकाल देणं आणि मागे फॉर्मची भिंत उभी करणं, यात तुमच्यासारख्या चार-पाच हजार डॉलरच्या माणसाला कुणी विचारत नाही असाच संदेश जातो. मोठ्या लिलावगृहाला तिथे माणूस मिळतो, तुम्हाला पेटी मिळते. तरी त्याच फॉर्ममधून नेमके प्रश्न पाठवा. कोणत्या मोसमातले फोटो पाहिले? कोणत्या फोटोसंग्रहांत? समोरून की पाठीमागूनही? स्पष्ट फोटो असूनही जुळले नाहीत, की जुळवण्याजोगे फोटोच नव्हते? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण त्यातच ‘माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांच्यातलं अंतर आहे. दुसऱ्या कंपनीकडे जाण्याआधी त्यांचं शुल्क निकालावर अवलंबून आहे का, हेही विचारून घ्या. मॅच निघाल्यावर ज्याला जास्त पैसे मिळतात, त्याच्या मॅचकडे मी जरा डोळे बारीक करून बघेन. तोच निकष तुमच्या गृहस्थांनाही लावा. ते पत्र त्यांनी लिहिलं तेव्हा पैसे कुणी दिले होते? विकणाऱ्याने दिले असतील तर त्यात बेकायदा काही नाही, या बाजारात तसंच चालतं. पण जर्सीच्या विक्रीतही त्यांचा वाटा होता का? एकच माणूस पत्र लिहितो, माल विकतो आणि गिऱ्हाइकाला शिकवतोही, हे तिन्ही एका ठिकाणी आलं की त्याच्या सज्जनपणावर नको इतका भार पडतो.

आता स्वतः काय करायचं. पहिलं म्हणजे जर्सी धुऊ नका, ड्राय-क्लीनिंगला देऊ नका, इस्त्री नको, सुटलेला दोरा ओढू नका. विकायची वस्तू नीटनेटकी दिसावी असं वाटणं साहजिक आहे, आणि त्यात लोकांनी स्वतःच्या हाताने पुरावा नष्ट केलाय. तो सुटलेला दोराच उद्या एखाद्या फोटोत सापडू शकतो. जर्सी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात सपाट पसरा. छातीवरची अक्षरं, पाठीवरच्या आकड्यांच्या सगळ्या कडा, बटणपट्टी, बाह्यांच्या शिवणी, आतले टॅग यांचे जवळून फोटो काढा. मग गेटीसारख्या फोटोसंग्रहात खेळाडू आणि वर्ष टाकून शोधा. लहान आकाराचे फोटो पाहायला पैसे पडत नाहीत, रेघ पुरेशी दिसली तरच मोठा घ्या. जुनी साप्ताहिकं, संघाची वार्षिकं, खेळाडूंची कार्डं, सामन्यांची चित्रफीत, काहीही वर्ज्य नाही. व्यावसायिक कंपनी तुमच्या एका जर्सीवर किती तास घालवेल याला मर्यादा आहे, तुम्हाला ती नाही. हौशी माणसांनी शोधलेले मॅच पुढे कंपन्यांनी मान्य केल्याचं या छंदात घडतं. तुम्ही सॉफ्टवेअरवाले, रात्र रात्र बग शोधत बसायची सवय असेलच.

विकायचंच असेल, आणि मॅच सापडला नाही, तर जर्सीचं वर्णन जितकं सिद्ध आहे तितकंच करा : संघासाठी बनलेली, अमुक वर्षाचा टॅग, वापराच्या खुणा, अमक्यांचं मत सोबत, अमुक तारखेपर्यंत फोटोमॅच नाही. किंमतही त्याच पायरीची धरा. माझं मत कठोर वाटेल, पण मॅच नसलेल्या या काळातल्या जर्सीला मी ‘संघाने तयार करून घेतलेली’ एवढ्याच भावात मोजते, वरचं सगळं घेणाऱ्याच्या हौसेवर सोडून. ४,२०० सुटणार नाहीत कदाचित. मुलीच्या फीचा आकडा समोर असताना हे ऐकायला नको वाटतं, कळतं मला. मित्राला हे सगळं कळल्यावरही तो हवीच म्हणाला, तर दोघांनी मिळून भाव नव्याने ठरवा. आणि पुढे उलटा पुरावा निघाला तर पैसे परत करणार का, किती काळापर्यंत, हे आत्ताच कागदावर आणा. मैत्री असल्या कागदाने तुटत नाही, तो नसल्याने तुटलेली मी पाहिली आहे. ज्याच्याकडून तुम्ही जर्सी घेतलीत त्याने तुम्हाला असं काही लिहून दिलं होतं का, तेही जुन्या मेलमध्ये बघा.

हे वाचणाऱ्या आणि नव्याने या छंदात पडलेल्यांसाठी थोडं. २००१ नंतरच्या बेसबॉल वस्तूंवर होलोग्राम असला म्हणून लगेच खूश होऊ नका. क्रमांक लीगच्या वेबसाइटवर टाका आणि तिथे काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. होलोग्राम खरा असूनही नोंद ‘संघाने दिलेली’ अशी असू शकते, ‘सामन्यात वापरलेली’ अशी नव्हे. शिवाय तीच नोंद तुमच्या हातातल्या वस्तूचीच आहे का, हे पाहा. होलोग्रामही बनावट निघतात. २०२५ च्या उन्हाळ्यात इंडियाना राज्यात असलं एक मोठं प्रकरण पोलिसांकडे गेलं. क्रिकेटच्या बॅट आणि शर्ट जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचे मेल मला येतात. तिथे मदार अजून सही आणि पत्रावरच जास्त आहे. बॅट घेताना मी तरी मालकांची साखळी किती छोटी आहे ते बघेन. २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातली धोनीची बॅट त्याच वर्षी जुलैत लंडनमधल्या मदतनिधीच्या लिलावात १ लाख पौंडांना गेली. तिथे खेळाडू आणि घेणारा यांच्यामध्ये एकच पायरी होती. ‘खेळाडूच्या मामेभावाच्या मित्राकडून’ आलेल्या बॅटला किती पायऱ्या आहेत, ते मोजा. आणि खेळाडूंच्या किटबॅगेत एकाच वेळी चार-पाच बॅट असतात, हे लक्षात ठेवून स्टिकरच्या कडा, कडेवरचे तडे, दांड्याची पकड हे त्या दिवसाच्या क्लोज-अपशी ताडा.

राहता राहिला तुमचा तिसरा प्रश्न, जो मला वाटतं तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय. ज्यांनी शिकवलं त्यांना विचारायचं कसं. तुम्ही त्याला उलटतपासणी म्हणता, तिथेच अडता. कंपनी काय म्हणते हे घेऊन जाऊ नका. तसं गेलात की ते कंपनीशी भांडतील आणि जर्सी बाजूला राहील. जर्सी घेऊन जा. फोनवर नको, समोरासमोर. म्हणा, ‘ही पुन्हा एकदा माझ्यासमोर तपासा आणि काय बघता ते बोलत बोलत बघा, मला शिकायचंय.’ शिकवायची हौस असलेला माणूस याला नाही म्हणणार नाही. तुम्ही वही घेऊन बसा. टॅगवरून कुठलं वर्ष ठरवलं? त्या वर्षी हा आकडा याच खेळाडूचा होता हे कुठे पाहिलं? मापं त्याच्या इतर जर्सींशी जुळतात का, आणि त्या जर्सी कुठल्या? ही खूण वापराची की साठवणीची? तुम्हाला ही कुणी आणून दिली? त्यांनी जे सांगितलं ते टाइप करा आणि नवीन पत्र म्हणून सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवा.

ते चिडतीलही. त्यावरून लगेच काही ठरवू नका. सत्तरीत माणसं घड्याळ दुरुस्तीची पावती मागितली तरी चिडतात. दोन दिवस जाऊ द्या, पुन्हा विचारा. काही प्रश्नांना ते ‘आठवत नाही’ म्हणतील. पाच वर्षांत बऱ्याच जर्सी हाताखालून गेल्या असतील, आठवत नसणं स्वाभाविक आहे. मग तेही तसंच लिहून घ्या, आणि त्या कागदावर आजची तारीख घाला, जुनी नको.